अंकलनी दाखवलेलं झाड

लॉकडाऊनमध्ये सिडनीतल्या आमच्या वॉर्डात एक म्हातारे ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, नट होते. एके काळी सिनेमांत गाजलेले. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मीही. भेटायला कोणालाच परवानगी नव्हती. रोज दुपारी त्यांची नात व्हिडिओ कॉल करायची आणि नर्स म्हणून फोन मी धरायचे. अंकल जरा वेळ तिच्याशी बोलायचे, मग माझं मनगट हलकेच खिडकीकडे वळवायचे. बाहेर निलगिरीचं झाड होतं. तिला ते दिसायला लागलं की गप्प बसायचे.

एकदा मी वैतागले. "अंकल, तिला तुम्हाला बघायचंय. जन्मभर कॅमेऱ्यासमोर उभे राहिलात ना?"

"ती रेकॉर्ड करते," ते म्हणाले. "झाड तिला नंतरही बघता येईल."

मला वाटलं, तापात बोलताहेत.

आठवड्याने ते गेले. आपल्याकडे करतात तेच मी केलं. त्यांचा जुना फोटो छापून फ्रेम केला, स्कोफिल्ड्सच्या इंडियन दुकानातून चंदनी हार आणून घातला आणि सामान न्यायला आलेल्या नातीसमोर धरला.

तिने झटकन मान फिरवली. "आमच्या घरात गेलेल्या माणसाचा चेहरा बघत नाहीत. नावही घेत नाहीत." मग माझ्याकडे न बघताच पुटपुटली, "नो वरीज. तुला काय माहीत."

मी फोटो पाठीमागे लपवला.

"ते झाड कुठलं?" तिने विचारलं.

कार पार्कमागचं झाड मी दाखवलं. मास्क लावून, लांब लांब उभ्या राहून, आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

त्यांचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही.