आतली साडी

आई गेल्यावर तिच्या कपाटातून तिची जांभळी साडी काढली आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीतली ती जुनी दुपार आठवली. हॉस्पिटलबाहेर फरशीवर झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी आम्ही सोसायटीतल्या बायका गोधड्या शिवत होतो. एका गोधडीला आतून कापड कमी पडत होतं. शेजारच्या हंसाबेनने आपल्या वारलेल्या आईची साडी आणली होती, पण ती तिला मांडीवरून सोडवेना.

"कात्री नको हां लावू," ती म्हणाली. "मेरी बा की साडी है."

"कापतंय कोण?" आमच्यातल्या सर्वांत मोठ्या सुमनताई म्हणाल्या. "अख्खी आत घालू. वर माझी जुनी साडी. तुझी बा आत आरामात, बाहेर मार खायला मी!"

हंसाबेन हसता हसता रडली. साडीच्या तीन घड्या घालून तिने स्वतःच ती पसरली आणि कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, सुरकुती तर एकही नाही, मग उशीर कशाला?

आज गोधडीच्या आत घालायला आईची साडी मी तशीच तीन घड्या घालून पसरली आहे. माप बरोबर बसलंय, सुई ओवलेली आहे. सुरकुती एकही नाही. तरी माझा हात फिरतोच आहे.