दगडामागचं पाणी

फळ्यावर वर्तुळ काढलं की खडूचा तो कोरडा वास नाकात बसतो. जालन्याच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं प्रवाहरेषा शिकवतो. वर्तुळ म्हणजे वाटेतला दगड. आदर्श पाण्याच्या रेषा त्याच्यापाशी येतात, दोन्ही अंगांनी फाकतात आणि पलीकडे इतक्या अलगद जुळतात, की वाटेत काही होतं याची खूणही उरत नाही. पुस्तकातल्या पाण्याला चिकटपणा नसतो ना, म्हणून त्याला हे जमतं. पूर्वी ही आकृती मला फार देखणी वाटायची. आता तिचा मनापासून राग येतो.

आमचं शेत बदनापूरजवळ. विहिरीच्या पाटात मधोमध एक काळा दगड होता. पिकाला पाणी देऊन झालं की थोरला भाऊ त्यावर उभा राहून पाय धुवायचा, फावडं खंगाळायचा आणि उगाच वहिनीच्या अंगावर पाणी उडवायचा. तिच्या लटक्या रागासकट ते दृश्य रोजचंच होतं. भाऊ अचानक गेला, आणि ज्या शेतात ती त्याच्या बरोबरीनं राबली त्या शेताकडं वहिनीनं पाठ फिरवली. ती पुन्हा तिथं पाय ठेवील की नाही, या एकाच काळजीनं घराला घेरलं होतं. अखेर हरभऱ्याला पाणी सुरू असताना ती येते म्हणाली. वडिलांनी आदल्या दिवशीच पहारीनं तो दगड उपटून बांधापलीकडं टाकला. "दिसला की रडंल पोरगी," एवढंच म्हणाले.

वहिनी आली. पाट भरून वाहत होता. पण दगडाच्या जागी पाणी सरळ जाईना. तिथं येऊन गिरकी घेई, मगच पुढं सरके. इतकी वर्षं दगडामागं भोवरे फिरून तळाशी खळगा पडला होता. वडील ओशाळले आणि फावड्यानं त्यात माती ओढू लागले.

"मामा, नका बुजवू," वहिनी वडिलांना म्हणाली. "पाणी अजून त्यांच्यासाठी थांबून राह्यलं. थांबू द्या."

मग तिनं पदर खोचला, त्या खळग्यात उभं राहून पाय धुतले आणि सासऱ्याच्या हातातलं फावडं घेऊन हरभऱ्यात पाणी धरायला गेली. वडील बांधावर बसून रडले.

फळ्यावरच्या रेषा मी अजूनही जुळवतो. अभ्यासक्रमच तसा आहे. फक्त वर्तुळ पुसलं, की लगेच पुढं जात नाही. त्या रिकाम्या जागेपाशी थोडा वेळ उभा राहतो.