मचाणावरचा पंच

खुशालराव पाटलांना कुस्ती कशी पाहावी हे एकेकाळी चांगलं कळत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, माणूस जन्मापासूनच येडपट असेल. अकोल्यापासून दोन कोसांवरच्या आपल्या गावच्या दंगलीत ते वर्षानुवर्षं पंच होते. कुस्ती रंगात आली की सरळ मातीत पालथे पडायचे, गाल जमिनीला लावायचे आणि खालच्या गड्याचे दोन्ही खांदे टेकले का ते पाहायचे. टेकले तर चीत. मग ते ज्याला फेटा बांधतील तो जिंकला. त्यावर कुणी ब्र काढत नसे.

अठ्ठावन्न साली पाटील कापूस विकायला अकोल्याला गेले आणि सिनेमात जाऊन बसले. खेळाआधी बातमीपट लागला. त्यात कुस्ती होती, उंचावरून टिपलेली. एकदा भरभर दाखवली, मग तीच पुन्हा, अगदी सावकाश. झालं, पाटलांची अक्कल बहुतेक तिथंच खुर्चीखाली राहिली. गावात ज्याला त्याला सांगत सुटले की आजवर आपण कुस्ती पाहिलीच नाही, मातीत लोळून निव्वळ माती दिसते. बायको वच्छला म्हणाली, चला, धोतर धुण्याचा त्रास गेला.

त्या वर्षी त्यांनी ज्वारी राखायचं मचाण आखाड्याला लागून उभं करवलं. परीटघडीचं धोतर नेसून, फेटा मांडीवर घेऊन वर बसले. काय तो रुबाब!

शेवटची कुस्ती गावच्या किसनची, बाहेरगावच्या रामरावाशी. रामरावानं किसनला पाठीवर आपटलं आणि मचाणावरून आवाज आला, "चीत!" खाली एकच कल्ला झाला. किसनचा डावा खांदा वीतभर अधांतरी होता. कडेला बसलेल्या पोराटोरांनाही तो दिसला. पण फुगलेली भाकर काय अन् चपटी काय, वरून दोन्ही सारख्याच गोल.

अजूनही वेळ गेली नव्हती. खाली उतरून चूक कबूल केली असती तर लोकांनी पोटात घातली असती. पण पाटलांनी मचाणावरून हुकूम सोडला, "दोघंयबी पुन्हा तसेच पडा. पण सावकाश. मी पायतो."

लोकांनी तोंडाला उपरणी लावली. रामरावही खाली मान घालून हसू दाबत होता.

किसन अंगावरची माती झटकत उठला. "पाटील," तो म्हणाला, "मी दोनदा पडत नसतो. पडलो असतो त एकदाच पडलो असतो."

लोकांनी म्हातारे पुंजाजी उस्ताद यांना पंच म्हणून पुढे केलं. ते गुडघे धरत मातीत आडवे झाले, कुस्ती पुन्हा लागली आणि किसननं ती मारली. फेटा वर पाटलांच्या मांडीवरच होता. तो मागायलाही कुणी गेलं नाही. पुंजाजींनी आपल्या डोक्यावरचा सोडला आणि किसनला बांधला.