एका गुणाचा झेंडा

भाऊ एका गुणाचा झेंडासुद्धा असा हलवायचे, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, यांनी सामनाच जिंकला. गुडघ्यापर्यंत पांढरा कोट, डोक्यावर पांढरी हॅट, हातात पांढरा झेंडा. डोक्यावरून विमान उतरत असायचं, हिरवळीवरून त्याची सावली सरकत जायची आणि त्या सावलीत भाऊंचा झेंडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जायचा, सावकाश, पुरेपूर. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला टेबलाशी बसून मी वहीत एक गुण लिहायचो आणि पेन उंच करायचो. पेन दिसलं की ते झेंडा खाली घ्यायचे. दर शनिवारी दुपारी आमचं हे असं बोलणं चालायचं. आजही लंडनमधल्या हाउन्सलोच्या आभाळात विमान खाली आलं की मला आधी झेंडा दिसतो आणि मग विमान.

हा खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. तो तुम्ही पाहिला नसेल तर लाज वाटून घेऊ नका, मीही लंडनला येईपर्यंत पाहिला नव्हता. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल. चेंडू पायाने मारा, मुठीने मारा, ज्याच्या हातात असेल त्याला धरून आडवा करा. मैदानावर एका बाजूचे अठरा, बाकावर चार. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच आणि कडेचे बुटके. उंच खांबांमधून चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण आणि दोन झेंडे. कडेने गेला, खांबाला घासला किंवा जाता जाता कुणाच्या बोटाला लागला, तर एक गुण आणि एक झेंडा. हे ठरवणारा माणूस खांबांपाशी उभा असतो. आमच्यासारख्या हौशी क्लबांमध्ये हा माणूस बाहेरून येत नाही, प्रत्येक क्लबने आपला एकेक द्यायचा असतो. द्यायचा कोण, तर ज्याला खेळायला घेतलेलं नाही तो. आमच्या क्लबात तो म्हणजे भाऊ.

भाऊ नागपूरचे. विमानतळाजवळच्या एका गोदामात कुठला माल कधी निघायचा याचं वेळापत्रक बघायचे, मी त्याच ऑफिसात कॉम्प्युटरवर. आमचा मॅनेजर मिक हा ऑस्ट्रेलियन, आणि तोच क्लबचा कोच. एका वसंतात माणसं कमी पडली म्हणून त्याने आम्हा दोघांना ओढून नेलं. मी पुण्याचा, त्यामुळे खेळण्यापेक्षा खेळावर बोलण्याचा सराव जास्त. पहिल्याच हंगामात गुडघा मोडून घेतला आणि गुण लिहायला आणि क्लबचे कागद सांभाळायला बसलो. भाऊंचा मात्र त्या लंबगोल चेंडूवर जीव जडला. शाळेत कबड्डी खेळलेला माणूस, पकड अशी की सहा फुटी गडी जागच्या जागी बसायचा. किक मात्र कुठे जाईल ते भाऊंनाही ठाऊक नसायचं. "पाय सरळच मारून राहिला बे," ते मला समजावायचे, "चेंडूच तिकडे जाते."

एप्रिलमध्ये भाऊ संघात असायचे. गारठा, चिखल, सकाळचं धुकं, आणि त्यात अठराच्या जागी जेमतेम सतरा जण. मग मे उजाडला की ऑस्ट्रेलियातली पोरं उन्हाळा घालवायला लंडनला उतरायची, ज्यांना चालता यायला लागण्याआधी किक मारता येत होती अशी. गुरुवारी सराव संपल्यावर मिक मोठ्याने यादी वाचायचा. अठरा नावं, मग बाकावरचे चार, मग वही मिटताना, जणू आत्ताच आठवलं असं, "अँड फ्लॅग्ज, यू आर ऑन द फ्लॅग्ज, मेट." भाऊंचं खरं नाव निम्म्या क्लबाला माहीत नव्हतं. ते हात वर करून "येस कोच" म्हणायचे आणि घरी जाऊन कोटाला इस्त्री करायचे.

मध्यंतरात खेळाडूंना संत्र्याच्या फोडी द्यायची या खेळात पद्धत आहे. ते काम भाऊंनी कुणाला करू दिलं नाही. दर आठवड्याला वेम्बलीच्या देशी बाजारापर्यंत जाऊन, दुकानदाराशी वाद घालून, एकेक फळ दाबून बघून ते पेटी आणायचे. फोडी करताना न चुकता एक खायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हे संत्रं नाही. रंग दिलेलं पाणी आहे." पोरं मात्र घामाघूम होऊन यायची, फोडी दातात धरून केशरी हसायची. जूनमध्ये कडेच्या झाडांचा कापूस सुटायचा. अख्ख्या मैदानावर तो सावकाश तरंगत असायचा, भाऊंच्या कोटावर, फोडींवर, माझ्या वहीवर बसायचा. "आमच्याकडचं पीक आलं पाहा उडत उडत," असं म्हणून भाऊ एखादा पुंजका चिमटीत धरून बराच वेळ बघत राहायचे.

मी एकदा त्यांना विचारलं, एका गुणाला एवढा झेंडा कशाला हलवता? बहुतेक जण मनगट हलवून मोकळे होतात. ते म्हणाले, "तिकडे कोणी लिहून राहिलं असते न. त्याला दिसलं पाहिजे. अन् ज्याने मारला, त्याचा एक तर एक, पण आहे न?" मग कोटाची गुंडी लावत म्हणाले, "फक्त एकदा माझ्यासाठी दोन हलले पाहिजे, बाप्पा. बास, मग कोट घालून मरेपर्यंत उभा राहतो." इतक्या वर्षांत त्यांनी एकही गोल मारलेला नव्हता. त्यांची इथेच जन्मलेली लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने त्यांना एकदा विचारलं होतं, "बाबा, तू मॅचमध्ये असते, की मॅचच्या बाजूला असते?" हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. पण दोन वेळा सांगितलं.

उपांत्य सामन्याची गोष्ट आमच्या क्लबात अजून निघते. शेवटचं मिनिट, आम्ही तीन गुणांनी मागे. आमच्या कप्तानाने मारलेला चेंडू उंच खांबांच्या बरोबर मधून गेला. पोरं उड्या मारायला लागली, मी वहीत सहा लिहायला पेन टेकवलं, आणि भाऊंनी एक बोट वर केलं. समोरच्या एका खेळाडूच्या नखाला चेंडू लागला होता. ते मैदानावरच्या मुख्य पंचाला दिसलं नव्हतं, कुणालाच दिसलं नव्हतं. दिसलं फक्त भाऊंना, आणि भाऊ आमच्या क्लबचे! त्यांनी झेंडा उचलून तो नेहमीसारखा, पुरेपूर हलवला. आम्ही दोन गुणांनी हरलो. कप्तानाने बाटली आपटली, मिक पंधरा दिवस ऑफिसात त्यांच्याकडे बघत नव्हता. बसस्टॉपवर मीच चिडून म्हणालो, "भाऊ, गप्प बसला असतात तर कुणाचं काय गेलं असतं?" त्यांनी येणाऱ्या बसला हात केला. "मला दिसलं न," ते म्हणाले, "आता दिसलेलं कुठे ठेवू?"

त्याच शरद ऋतूत नदीपलीकडच्या एका लहान क्लबने त्यांना विचारलं. तिकडे उन्हाळी पोरं फारशी जात नसत, माणसांची वानवा. दर शनिवारी अठरात जागा नक्की, असं त्यांनी सांगितलं. भाऊ माझ्याकडे आले. चाळिशी दारात आली होती, फार तर दोन हंगाम उरले होते. "तू काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. मी भरपूर बोललो. आपला क्लब, आपली माणसं, मिकचा राग निवळेल, पुढच्या वर्षी बघा, निष्ठा नावाची काही चीज असते. बोलायला लागलो की मी बरा बोलतो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि ते राहिले. पुढच्या अख्ख्या हंगामात एप्रिलमधले तीन सामने खेळले. बाकी कोट आणि झेंडा, आणि पलीकडे मी, माझ्या पेनासह, अगदी सुखात.

हंगाम संपल्यावर त्यांनी मला न विचारता अर्ज केला. क्लब बदलायचा तर जुन्या क्लबने खेळाडूला ऑनलाइन मोकळं करावं लागतं, आणि आमच्याकडे ते काम माझं. एक बटण दाबायचं. मी ते दाबलं नाही. रोज मेल उघडायचो, भाऊंचं पूर्ण नाव वाचायचो आणि मेल बंद करायचो. एकदा शनिवार डोळ्यांपुढे आणून पाहिला: तेच विमान, तीच सावली, आणि खांबांपाशी दुसरंच कुणीतरी मनगट हलवतंय. माझ्याच्याने बटण दाबवेना. मुदत शुक्रवारी संपणार होती. गुरुवारी दुपारी वहिनींचा फोन आला. वहिनी कमी बोलणाऱ्या, भाऊंच्या बरोबर उलट.

"भाऊजी, ती रिक्वेस्ट तुमच्याकडे अडकली आहे का?"

"बघतो ना वहिनी. जरा काम होतं. आणि खरं सांगू का, त्यांनी घाई करू नये असं मला वाटतं."

"त्यांना खेळायचं आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "सोबत पाहिजे ती तुम्हाला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत न या?"

मी फोन ठेवला आणि बटण दाबलं. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, दोन्ही एकदमच. संध्याकाळी भाऊंचा मेसेज आला, "थँक्यू रे. उशिरा का होईना." ते उशिराचं सगळं त्यांना माहीत होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमच्याकडच्या शेवटच्या दिवशी त्यांनी कोट धुऊन, घडी करून आणला, दोन्ही झेंडे वर ठेवले आणि मिकच्या हातात दिले. मिकने इकडेतिकडे पाहिलं. सगळी पोरं बुटांच्या नाड्यांमध्ये गुंतली होती. अशा रीतीने कोट मला मिळाला. बाह्या जरा लांब होतात, अजूनही.

नदीपलीकडच्या क्लबात भाऊ हंगामभर खेळले, एकही शनिवार न चुकवता. कबड्डीची पकड बघून त्यांना बचावात ठेवलं होतं. तिथे माणूस गोलापासून मैदानभर लांब असतो, त्यामुळे गोल काही झाला नाही. तशात वहिनींना केंब्रिजला एका लॅबमध्ये नोकरी लागली. ऑगस्टअखेर घर हलवायचं ठरलं. तिकडे जवळपास हा खेळ नव्हता आणि भाऊंच्या गुडघ्यांनीही सांगून टाकलं होतं. त्यांचा शेवटचा सामना पडला तो नेमका आमच्याविरुद्ध, आमच्याच मैदानावर. त्यांच्या बाजूने गुण लिहायला वहिनी बसल्या होत्या, शेजारी लेक. मी माझ्या खांबांपाशी, कोटात.

खेळाचा चौथा, शेवटचा भाग. सामना आम्ही केव्हाच जिंकल्यात जमा होता. उन्हं कलली होती, मैदान सोनेरी झालं होतं, आणि विमानं एकामागून एक आवाज न करता उतरल्यासारखी वाटत होती. तेवढ्यात त्यांच्या कप्तानाने भाऊंना खूण केली, पुढे जा. मरून रंगाची बिनबाह्यांची जर्सी घातलेले, पोट थोडं पुढे आलेले भाऊ माझ्याकडे धावत येताना दिसले. इतकी वर्षं मी त्यांना मैदानाच्या पलीकडूनच बघत आलो होतो. चेंडू आला, भाऊंनी तो छातीशी धरला, वळले आणि मारला.

पाय सरळ होता आणि या वेळी चेंडूही सरळ आला. उंच, मधोमध. मी रेषेवर मान वर करून उभा होतो आणि मनात दोन्ही झेंडे उचलले होते. आमचा एक पोरगा माझ्या पुढ्यातच उडाला, पूर्ण हात ताणून, आणि त्याच्या मधल्या बोटाच्या टोकाला चेंडू लागला. चेंडूचं फिरणं क्षणभर बदललं, बस. त्या पोरालाही कळलं नाही, तो डोकं धरून खाली बसला. मरून जर्सी आनंदाने ओरडायला लागल्या. लेक खुर्चीवर चढली. मुख्य पंच माझ्याकडे बघून म्हणाला, "युअर कॉल."

मला दिसलं होतं. ते ठेवायला मला जागा नव्हती.

मी एक बोट वर केलं. सगळीकडे आरडाओरडा झाला, कुणीतरी मला शिवीही दिली. भाऊंकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी एक झेंडा उचलला आणि मान खाली घालून, मनगटातल्या मनगटात, कुणाला दिसू नये असा जरासा हलवला.

"ए!" पंधरा पावलांवरून आवाज आला. भाऊ कमरेवर हात ठेवून, धापा टाकत उभे होते. घामाने चेहरा चमकत होता आणि ते हसत होते. त्यांनी लांबच्या टेबलाकडे बोट केलं, जिथे वहिनी पेन धरून थांबल्या होत्या.

"पुरा हलव न बे! तिकडे कोणी लिहून राहिलं."

मी झेंडा वर घेतला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, दोन्ही खांद्यांतून, डोळ्यांपुढचं सगळं धूसर होईपर्यंत हलवत राहिलो. पलीकडे वहिनींनी पेन उंच केलं.