एक नग भाकरी

माझी पत्नी गेल्यानंतर तिच्या फोनवर येणारे निरोप हळूहळू थांबले. आधी जुन्या विद्यार्थिनींचे थांबले, मग बँकेचे आणि विम्याचे. एका ॲपचे मात्र येत राहिले. तुमच्या नोंदीला आणखी काही जणांनी 'बरोबर' म्हटलं आहे, असे. तो फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्जिंगला लावत होतो, आणि असा निरोप आला की चष्मा शोधून वाचत होतो.

नोंद भाकरीची होती.

मला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा हुबळीच्या विद्यानगरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की जेवणातून किती कार्ब पोटात जातात ते मोजायचं आणि त्यावरून डोस ठरवायचा. पुण्याला असलेल्या मुलीने आम्हा दोघांच्या फोनवर हे ॲप घालून दिलं. पदार्थाचं नाव लिहायचं, किती नग किंवा किती वाट्या ते सांगायचं, की बेरीज समोर. मला ते सोपं वाटलं. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केलेला माणूस मी, नोंद असली की ती खरी असणार असं धरून चालणारा. पत्नी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे आकडे भरलेत कोणी?"

कोणीही भरलेले होते. ज्याला वाटेल त्याने पदार्थ लिहावा, आकडा घालावा, इतरांनी तो वापरावा. भाकरी शोधली तर पानभर भाकऱ्या निघाल्या. एकीत कार्ब शून्य होते, दुसरीत वड्याइतकं तेल. शेंगाचटणी वाटीच्या मापात लिहिलेली होती.

"वाटीभर शेंगाचटणी कोण खातो हो?" ती म्हणाली. "आणि खाऊन वर नोंद करायला उरतो कसा?"

त्याच आठवड्यात तिने बाजारातून छोटा वजनकाटा आणला. डॉक्टरांनी मला दोन्ही वेळेला एकेक भाकरी लिहून दिली होती, आणि तिथे तिची अडचण झाली. तिचं माहेर अळनावरकडच्या एका गावातलं. त्यांच्याकडे ताटात एकच भाकरी वाढत नाहीत. पाहुणा असो की शेतातला गडी, निदान दोन.

"एकटी भाकरी वाढायची नसते," ती म्हणाली. "एकीच्या पिठाच्या दोन करीन. डॉक्टरांचंही राहील, माझंही राहील."

तेव्हापासून माझ्या ताटात तळहाताएवढ्या दोन भाकऱ्या येऊ लागल्या. काही दिवस तिने प्रत्येक भाकरी तव्यावरून उतरली की काट्यावर ठेवली. ज्वारीच्या पिठाचे आकडे मी पुस्तकातून काढून दिले. सरासरी काढून तिने नोंद केली: ज्वारीची भाकरी, घरची, एक नग. खाली तेच कन्नडमध्येही लिहिलं, कारण धारवाडात शोधणारे बरेच जण रोट्टी म्हणूनच शोधणार. लोकांना ती नोंद विश्वासाची वाटली असावी. बाकीच्या भाकऱ्यांना मागे टाकत ती यादीत वर सरकत गेली.

"बघितलंत? माझ्या भाकरीला बेंगळूरूपर्यंत लोक बरोबर म्हणतायत."

"खाल्ली तर एकानंही नाही."

"तुम्ही खाताय ना? मग साकु, पुरे झालं, गप्प बसा."

ती तापाने गेली. आम्हाला तो साधा ताप वाटला होता. दवाखान्यात जाताना रिक्षात स्वतः चढून बसली आणि मला म्हणाली, दार नीट लावा, मागचं. त्यानंतर आमचं नीट बोलणं झालं नाही.

मुलगी काही दिवस राहून गेली. मला पुण्याला चला म्हणत होती, मी नको म्हटलं. धारवाडच्या मळमड्डीत, आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का भाकऱ्या करून विकते. तिच्याकडून दोन्ही वेळेच्या दोन-दोन भाकऱ्या ठरवल्या, कारण दोन भाकऱ्या म्हणजे माझं जेवण, हे अंगात भिनलं होतं. अक्का डबा हातात देताना म्हणायची, "बिसी अदाव री, सर. गरम हैत, लगेच जेवा." मी डबा घरात आणून कधी कधी तासभर तसाच ठेवायचो.

तिच्या भाकऱ्या ताटाच्या काठाबाहेर यायच्या. मला वाटायचं, हात वेगळा, पातळ थापत असेल. त्यापुढे मी विचार केला नाही. जेवायच्या आधी ॲप उघडायचं, पत्नीची नोंद निवडायची, दोन नग लिहायचे, येईल त्या आकड्याप्रमाणे सुई घ्यायची. त्या दिवसांत मनापासून करावंसं वाटणारं काम एवढंच होतं. भाकरी दुसऱ्या कोणाच्या हातची असली तरी पत्नीचा आकडा माझ्या जेवणात होता.

एक दिवस नोंदीखाली एका अनोळखी माणसाने कन्नडमध्ये लिहिलं. ही नोंद चुकीची आहे, माझी आई हीच धरून इन्सुलिन घेते आणि तिची साखर उतरत नाही, असा मजकूर होता.

मला राग आला. कोणी पत्नीच्या वहीतल्या बेरजेवर तांबडी रेघ ओढावी तसा. दिवसभर मी त्या माणसाला मनात उत्तरं देत होतो. शेवटी तिच्याच फोनवरून कन्नडमध्ये लिहिलं, की ही नोंद एका विज्ञानाच्या शिक्षिकेने तोलून केलेली आहे, आपण आधी आपल्या घरची भाकरी तोला. लिहिल्यावर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी मी तिच्या बाजूने कोणाशी भांडलो होतो.

माझी साखरही तेव्हा वर होती. फोनवर मुलगी म्हणाली, "अप्पा, खरं सांगा, पेढे चाललेत ना?"

"अग, पेढा खायचाच तर तुझ्या आईच्या देखत खाल्ला असता. ती ओरडल्याशिवाय त्याला चव कसली?"

ती हसली.

डॉक्टरांनी ॲप बघितलं. रोजच्या नोंदी एकसारख्या, कुठे खाडा नाही. "तुमचं गणित तर बरोबर दिसतंय, सर," ते म्हणाले. "मग डोसच वाढवायला हवा." चिठ्ठी घेऊन मी हुबळीहून धारवाडच्या बसमध्ये बसलो. खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं, की त्या माणसाला मी जे करायला सांगितलं ते मी स्वतः केलेलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा अक्काचा डबा दाराशी टांगलेला होता. वजनकाटा पत्नीने जुन्या रुमालात गुंडाळून फडताळात ठेवला होता. सेल उतरले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणून घातले. एक भाकरी काट्यावर ठेवली. तिने लिहिलेल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. दुसरी ठेवली, तीही तशीच. अक्काची भाकरी पातळ बितळ नव्हती. चारचौघांच्या घरी असते तशी, आख्खी भाकरी होती.

पत्नीची नोंद खरी होती. ती तिच्या भाकरीची होती, एकीच्या पिठातून केलेल्या दोघींपैकी एकीची. एक माणूस होता ज्याला एकच खायची होती, आणि एक बाई होती जिला एकटी भाकरी वाढवत नव्हती. त्या दोघांच्या घरापुरती ती खरी होती. ते घर उरलं नव्हतं. आणि आपापल्या ताटातल्या आख्ख्या भाकऱ्या निम्म्या धरून किती अनोळखी लोक सुई घेत होते, मला माहीत नव्हतं. त्यांनी 'बरोबर' म्हटलं ते भाकरी तोलून नव्हे. आधीच्या लोकांनी म्हटलं होतं म्हणून म्हटलं.

मी मुलीला फोन केला, सगळं सांगितलं. आईची नोंद बदलायला हवी म्हटलं.

"राहू दे ना, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही आता दुसरी वापरा. तिचं तेवढंच आहे कुठेतरी."

"त्या माणसाची आई आहे, बाळ."

पलीकडे तिने कुकर गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वजन वाढवून टाका. लोकांना उपयोग होईल."

वजन वाढवलं असतं तर ती कोणाचीही भाकरी झाली असती. काढून टाकायला हात होईना. मी नावच बदलायचं ठरवलं. ज्वारीची भाकरी, निम्मी, एकीच्या पिठाच्या दोन. कन्नडमध्येही तसंच लिहिलं. मग पडद्यावर सूचना आली: नोंदीत बदल केल्यास आजवर मिळालेली 'बरोबर'ची सर्व मतं पुसली जातील. पुढे जायचं का?

"काय झालं?" मुलीने विचारलं. मी वाचून दाखवलं.

"मी करू का? मला पासवर्ड सांगा."

"नको. मी करतो."

बोट ठेवल्यावर काही विशेष घडलं नाही. नाव बदललं, आणि त्याच्या बाजूचा आकडा गेला. त्या माणसाला लिहिलं, की चूक आमच्याकडे होती, क्षमा करा, आईंची भाकरी तोलून घ्या आणि आजच डॉक्टरांना विचारा. त्याच्याकडे हे लगेच पोचलं की नाही कळायला मार्ग नव्हता.

"झालं?"

"झालं."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिने विचारलं, "जेवलात?"

"नाही अजून. आधी अक्काच्या भाकरीची नवी नोंद करायला हवी. तिचं वजन लिहितो, मग डोस बघतो."

"करा. मी आहे."

मी आकडा दोनदा तपासून लिहिला, डॉक्टरांची वाढीव डोसची चिठ्ठी बाजूला ठेवून या आकड्यावर जुन्याच प्रमाणाने सुई घेतली, आणि ताट वाढून घेतलं. फोन ताटाशेजारी ठेवला होता. पलीकडे ती स्वयंपाकघरात भांडी हलवत होती, तो आवाज ऐकत मी जेवलो.