कोपऱ्यात लागलेली गाठ

कॉलेजात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मुलग्यांना वर्गाबाहेर काढलं, खिडक्या लावून घेतल्या आणि बाईंनी फळ्यावर दोन गोल काढले. त्याबरोबर आमच्या बाकांवर खसखस पिकली. सगळ्यांत जास्त मी हसले, कारण सगळ्यांत जास्त लाज मलाच वाटत होती. बाई शांतपणे सांगत राहिल्या. महिन्यातून एकदा आपल्या छातीवरून आपणच हात फिरवून बघा, बोटं सपाट ठेवा, काखेपर्यंत जा, गाठ लागली तर लपवू नका. पाळी संपल्यावर काही दिवसांनी करा, हेही त्यांनी सांगितलं.

त्यांना सांगायला काय जातंय! घाटकोपरच्या चाळीत आमची एकच खोली, आणि मोरी त्याच खोलीच्या कोपऱ्यात. वडील आणि भाऊ गॅलरीत गेले की परकर छातीवर बांधायचा, भराभर तांबे ओतून घ्यायचे आणि बाहेर यायचं, ही आमची आंघोळ. स्वतःच्या अंगाकडे निवांत बघायची सोय फक्त बाजूला बसायच्या दिवसांत होती. आई मालवणाकडची, शिवाशिव कडक पाळणारी. त्या दिवसांत कपाटाच्या आड जुनं लुगडं बांधून माझा कोपरा व्हायचा. मला कुणी शिवायचं नाही, पलीकडून कुणी डोकवायचंही नाही. एरवी मला त्या कोपऱ्याची चीड यायची. या वेळी म्हटलं, चला, काहीतरी उपयोग झाला. चार दिवस इकडे की तिकडे, काय बिघडतं, हे मी माझं मीच ठरवून टाकलं.

डाव्या बाजूला बोटांना गाठ लागली.

पुन्हा पाहिलं, पुन्हा लागली. दाबली तर दुखली. दुखण्याबद्दल बाई काय म्हणाल्या होत्या ते काही केल्या आठवेना, कारण तेव्हा मी हसत होते. मरणाची भीती वाटली हे खरं, पण त्याच्याही आधी हे घरात बोलायचं कसं याची वाटली. छाती हा शब्दच आमच्या घरात खोकल्यापुरता होता. लुगड्यापलीकडे स्टोव्ह भणभणत होता, आई भाकऱ्या थापत होती, आणि मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आईने लांबून सरकवलेलं ताट मी तसंच परत सरकवलं.

दुपारी घरात आम्ही दोघीच उरलो. आई विचारत होती, जेवत का नाहीस. मी आडोशामागूनच म्हटलं, "आई, माझ्या छातीत गाठ आहे."

पलीकडे परात सरकल्याचा आवाज आला. मग लुगडं बाजूला झालं आणि आई सरळ आत आली. मी म्हटलं, अगं, मी बसलेय. तिने ते ऐकलंच नाही.

"खंय ता? दाखय."

तिच्या हाताला पीठ होतं. तिलाही गाठ लागली, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. आता ती डोक्यावरून पाणी घेईल असं मला वाटलं होतं. तिने फक्त साडी बदलली आणि संध्याकाळी मला स्टेशनजवळच्या लेडी डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी पाळीचं विचारलं आणि जरा चिडल्याच. या दिवसांत अशा गाठी हाताला लागतात, बऱ्याचदा नंतर जातात, आज काहीच सांगता येणार नाही, संपल्यावर आठवड्याने या, म्हणाल्या. तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. हात लावायचा नाही, असं आईने मला बजावलं होतं, आणि स्वतः मात्र सारखी माझ्या पदराकडे बघायची. वडिलांना तिने काही सांगितलं नाही. देवापुढे दिवा लावायला बसली की उठायचीच नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं. गाठ नव्हती. आता दर महिन्याला बघत जा, पण योग्य दिवशी, एवढं बोलून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

बसस्टॉपवर माझी बडबड सुरू झाली. मोकळं वाटत होतं, भूक लागली होती, वडापाव खाऊया म्हणून मी मागे लागले होते. आई स्टॉपच्या कठड्यावर बसली आणि रडायला लागली. लोक बघायला लागले तरी थांबेना. मी शाळेत असताना माझी मावशी गावी वारली होती. पोटाचं दुखणं होतं, असं आम्हा मुलांना सांगितलेलं. ते पोटाचं नव्हतं, हे मला त्या स्टॉपवर कळलं.

"माज्या भयणीन कोणाक सांगल्यान नाय," आई म्हणाली. "माका पण नाय. तू सांगलंस."