डोकं माझ्या हातात दे

"डोकं माझ्या हातात दे आणि तू मोकळी हो," असं म्हणून त्या दोन बोटांनी खुर्चीत बसलेल्या बाईची हनुवटी वर उचलायच्या. मग स्वतःच्या अंबाड्यात खोचलेला कंगवा काढायच्या. भुवया कोरायच्या असोत की केस कापायचे, वाक्य तेच आणि बोटंही तीच. नवी नवरी असो, नाहीतर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एखादी आजी, हनुवटी वर गेली की डोळे आपोआप मिटायचे.

तुम्ही काळेवाडीतून जाताना ते पार्लर पाहिलंही असेल. शटर अर्धं वर, आत एक खुर्ची, एक बाकडं आणि आरशाच्या कोपऱ्याला दोऱ्याने लटकवलेला लाकडी जिराफ. मी दर पंधरवड्याला तिथे जायचे. मला फार बोलता येत नाही, आणि भुवया कोरताना कुणी बोलायची अपेक्षा करत नाही, हे त्यामागचं खरं कारण. पहिल्या दिवशी दारात उभं राहून मी 'एक्स्क्यूज मी' म्हणाले, तेव्हापासून माझं नाव 'इंग्लिश' पडलं. "ये गं इंग्लिश, बस. आज काय, का नुसतंच गप बसायचंय?" मी त्यांना ताई म्हणायचे.

जिराफ त्यांच्या यजमानांनी आणला होता. त्यांना मी दाजी म्हणते. दाजी फिटर. त्यांच्या कंपनीने एकदा त्यांना मशीन बसवायला दोन महिने आफ्रिकेत पाठवलं होतं. परदेशी जाऊन आलेला त्या गल्लीतला तो पहिला माणूस, त्यामुळे सगळे त्यांना विचारायचे, आणि दाजी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे.

"काय न्हाई हो. लई गरम. हाटेलातून कंपनी, कंपनीतून हाटेल. भात मिळाला, ते एक बरं."

"आणि तिथल्या बायका कशा असतात, ते सांगा की," ताई दोरा दातात धरून विचारायच्या.

"बघितल्याच न्हाईत मी."

"दोन महिने राहिलात आणि बायका दिसल्याच नाहीत. हे मी मानायचं?"

बाकड्यावरच्या बाया हसायच्या. दाजी जिराफाला टिचकी मारून बाहेर निघून जायचे. ताईंसाठी तो सगळा खंड म्हणजे आरशातला तो एक जिराफ होता. हे त्यांना पुरत नव्हतं, एवढं मला गप्प बसल्या बसल्या कळत होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत ट्रेनिंग विभागात काम करते. मागच्या वर्षी आमच्याकडे टांझानियाहून काही मुली वर्षभराच्या प्रशिक्षणाला आल्या. त्यांना रहाटणीत फ्लॅट दिला होता. त्यांच्यातली नीमा माझ्याच बसला असायची. डोक्यावर बारीक बारीक वेण्या, आणि त्या वेण्यांवर शॉप फ्लोअरची टोपी. काही आठवड्यांनी वेण्या मुळापासून सैल झाल्या, टोपी बसेना, आणि सुपरवायझर रोज टोकायला लागला. नीमा रहाटणीतल्या दोन पार्लरमध्ये जाऊन आली. "ये बाल हमसे नहीं होंगे मॅडम," असं दोन्हीकडे ऐकून आली. मग एका रविवारी मी तिला ताईंकडे नेलं.

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, कंगवा काढला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. मी त्याचं इंग्रजी केलं. दुसऱ्याचे शब्द बोलायला मला कधी संकोच वाटत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

नीमाने विचारलं, "तुम्हाला येतं?"

"नाही येत," ताई म्हणाल्या. "ती दाखवंल, मी करंन. सांग तिला."

दाखवायला डोकं हवं होतं. दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सोमवारी मी उजव्या कानाच्या वर तीन घट्ट वेण्या घेऊन ऑफिसला गेले. कुणी आपल्याकडे पाहू नये अशीच मी नेहमी चालते, आणि त्या दिवशी लिफ्टमधल्या प्रत्येकाने पाहिलं.

पण खरी गंमत पुढे झाली. नीमाचं डोकं हातात आल्यावर ताईंनी आधी काय केलं असेल? आपल्यापैकी कुणीही केलं असतं तेच. वाटीत खोबरेल तेल कोमट केलं आणि मुळांना चांगलं जिरवलं. मग दिवसभर बसून, नीमाने गावाहून आणलेले नकली केस गुंफत वेण्या घातल्या. दिसायला सुरेख होत्या. बुधवारी कॅन्टीनमध्ये नीमाने मान वाकवली आणि एक अख्खी वेणी सटकून तिच्या वरणात पडली. टेबलावरचे सगळे हसले, सगळ्यात जास्त नीमा.

मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "तेल घालायचं नाही, हे तिनं सांगितलं का नाही मला?"

मी नीमाला विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं ही तुमची पूजा आहे. मध्ये कसं बोलणार?"

"तेल नाही म्हणजे डोक्याला काय उपाशी ठेवायचं?" ताई पुटपुटल्या. पण पुढच्या रविवारी सगळं उसवून, धुऊन, वाळवून त्यांनी पहिल्या वेणीपासून पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर पार्लरमधले रविवार बदलले. एक डोकं व्हायला सकाळची संध्याकाळ व्हायची. एवढा वेळ माणूस गप्प कसा बसेल? नीमा बोलायची, मी मराठी करायचे, ताई विचारायच्या, मी इंग्रजी करायचे. नीमाचं शहर म्वांझा, एका तळ्याच्या काठावर. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं मोठं तळं. तिच्या आजीला अजून तो समुद्रच वाटतो.

"आपल्या पवनेपेक्षा मोठं?" ताईंनी विचारलं.

नीमाने काळेवाडीच्या पुलावरून पवना पाहिली होती. तिने विचार केला आणि नम्रपणे म्हणाली, "थोडं."

तिथे वेण्या दारातल्या पायरीवर बसून घालतात. वेणी घालणारी वर, घालून घेणारी खाली छोट्या स्टुलावर, तिच्या गुडघ्यांमध्ये. नवरीचं डोकं घरातली मोठी बाईच करते. नीमाच्या घरी तो मान तिच्या आत्याचा होता, आणि आत्याचं बाजारात स्वतःचं पार्लरही होतं. आत्या स्वतःच्या डोक्याला मात्र कुणाला हात लावू देत नसे. ज्वारीच्या घाट्यासारखं काहीतरी तिकडे रोज खातात. चहाला चाय म्हणतात, चपातीला चपाती आणि दुकानाला दुका. बहिणीला म्हणतात दादा. नीमा ताईंना दादा म्हणायला लागली, आणि समोरचा पानवाला कितीतरी दिवस आत कुठला दादा बसतो ते वाकून बघत होता.

एकदा एका जुन्या गिऱ्हाईकबाईंनी खुर्चीत बसता बसता हलक्या आवाजात विचारलं, "त्यांना लावता तोच कंगवा आम्हाला लावता का हो?"

ताईंनी खणातून कोरा कंगवा काढला, कागद फाडला आणि त्यांच्या हातात दिला. "हा घ्या. तुमचा तुम्हाला. घरी जाऊन विंचरा."

बाई गेल्या. ताई थोडा वेळ आरसा पुसत राहिल्या. "माझ्या आजीला आमच्या गावात विहिरीवर असंच विचारायचे," त्या म्हणाल्या. "हे नको सांगू तिला." मी नाही सांगितलं. पण नीमाला काय कळायचं ते कळलं असावं. जयंतीच्या मिरवणुकीत ती आणि तिच्या मैत्रिणी निळे फेटे बांधून ताईंच्या पुढे नाचत होत्या, आणि ताईंनी रात्रीपर्यंत त्यांना घरी जाऊ दिलं नाही.

वर्ष संपलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ताईंनी नीमाच्या डोक्यावर जे काम केलं, ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. कपाळापासून निघालेल्या रेघा मागे जाताना वळत होत्या, नदीसारख्या. नकली केसांची टोकं गरम पाण्यात बुडवून बंद केली. सगळ्यात शेवटी मानेवरची ओळ. "हात थकलेला असतो तेव्हा माणूस इथं चोरी करतं," ताई म्हणाल्या, आणि ती ओळ दोनदा उसवून पुन्हा घातली.

आठवड्याने नीमाचा फोन आला. मी पार्लरमध्येच होते. आत्याने तिला दारातच उलटं फिरवून मान तपासली होती आणि विचारलं होतं, कुणी घातल्या? नीमाने सांगितलं. आत्याचा विश्वास बसला नाही. हे आपल्याच कुणाचं काम आहे, म्हणाली. वाटेत दार एस सलामला घालून घेतल्यास आणि मला इंडियाच्या गोष्टी सांगतेस. घरातल्या सगळ्यांनी आत्याचंच खरं धरलं. नीमाचं लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, "दादा, तूच ये. तिच्यासमोर घाल."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. ताईंनी खुर्चीतल्या मुलीच्या दोन्ही भुवया पूर्ण केल्या. त्यानंतर जिराफाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या हातचं काम कुणी दुसरीच्या नावावर टाकायचं नाही. इंग्लिश, पासपोर्ट कुठं काढतात गं?"

लोणावळ्याच्या पुढे न गेलेली बाई आता आफ्रिकेला जाणार, ही बातमी काळेवाडीत दुपारपर्यंत पोहोचली. दाजी घरी जेवत नव्हते, असं कळलं. मी पासपोर्टचे कागद घेऊन गेले तेव्हा वाद चालूच होता.

"काय हाय तिकडं? मी बघून आलोय न्हवं?"

"तुम्ही हॉटेल बघून आलात," ताई म्हणाल्या.

"आन् तिथल्या बायांनी तुला हसून काढलं तर? त्यांच्याच वेण्या, त्यांच्याच गावात जाऊन घालायच्या. येडी का काय तू?"

ताईंचा हात थांबला. एवढंच काय ते त्यांना घाबरवत होतं, आणि दाजींनी ते बरोबर ओळखलं होतं. "हसल्या तर हसल्या," त्या म्हणाल्या. "पण माझ्या तोंडावर हसू द्या. पाठीमागं नको."

त्यांनी भिशी उचलली, प्रवासासाठी लागणारी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, आणि नमस्कार, पाणी, 'दुखतंय का', 'मान खाली' एवढे शब्द नीमाकडून फोनवर पाठ केले. निघायच्या दिवशी बॅग दाजींनीच बांधली, सुतळीने, मशीन बांधतात तशी. तिच्यावर ऑइल पेंटने ताईंचं नाव लिहिलं. शटरवरही त्यांनीच पाटी लावली: 'पार्लर बंद आहे. बाई आफ्रिकेला गेल्या आहेत.' समोरून जाणाऱ्या बायका थांबून ती पाटी वाचायच्या. भुवया वाढलेल्या, पण मान ताठ.

लग्नाच्या दोन दिवस आधी, रविवारी दुपारी, नीमाचा व्हिडिओ कॉल आला. दुभाषी म्हणून मी हवीच होते. दाजी माझ्या आधीच आमच्या घरी येऊन, हात गुडघ्यांवर ठेवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी फोन मिक्सरला टेकवून ठेवला.

अंगणात खूप बायका होत्या. रंगीत कपडे, कडेवर मुलं, मोठ्याने बोलणं. मागे कुठेतरी पाण्याची एक लांब चमकती पट्टी. मधोमध आत्या उभी. उंच, रुंद, हातात स्वतःचा कंगवा. ताई तिच्या खांद्याला लागत होत्या.

आत्या काहीतरी बोलली, बायका हसल्या. नीमाने इंग्रजी केलं, मी मराठी केलं. "त्या म्हणतात, नवरीचं डोकं मी कुणालाही शिकायला देत नाही."

ताईंनी मान हलवली. "बरोबर आहे. मग कुणाचं देता?"

ते वाक्य दोन भाषा ओलांडून तिकडे पोहोचलं. आत्याने ताईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डोक्याला गुंडाळलेलं कापड सोडलं. आतले केस आखूड आणि कानशिलाशी पांढरे होते. पायरीपाशी छोटं स्टूल होतं, तिथे ती बसली. एक बाई तोंडावर हात ठेवून मागे सरकली.

ताई पायरीवर बसल्या. अंबाड्यातला कंगवा काढला. दोन बोटांनी आत्याची हनुवटी वर उचलली आणि मराठीत म्हणाल्या, "डोकं माझ्या हातात द्या आणि तुम्ही मोकळ्या व्हा."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. आत्याचे डोळे मिटले होते.

पुढचा वेळ मला नीट आठवत नाही. फोन दोनदा कट झाला, दोनदा लागला. मी चहा केला, दाजींनी तो गार केला. पडद्यावर ताईंचा चेहरा नव्हताच, फक्त हात होते. पांढऱ्या केसांतून एक रेघ निघाली, मग दुसरी. बायका हळूहळू जवळ सरकत होत्या. कुणी काही बोललं की आत्याच हाताने गप्प करायची. शेवटी मानेवरची ओळ राहिली. ताईंनी ती घातली, पाहिली, आणि उसवली.

"आता कशाला?" दाजी ओरडलेच. "झाली होती की बरी!"

"थांबा, दाजी," मी म्हणाले.

ताईंनी ती ओळ पुन्हा घातली. आत्याने आरसा मागितला नाही. हात मागे नेऊन मानेवरून बोट फिरवलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि पुन्हा उलट. मग ती नीमाकडे बघून फक्त एक शब्द बोलली. नीमा तो इंग्रजीत सांगायच्या आधीच सगळ्या बायकांनी जीभ हलवत आनंदाचा एकच उंच आवाज काढला. तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात एवढा घुमला की शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या.

"काय म्हणली ती?" दाजी मला विचारत होते. "अगं, काय म्हणली?"

"खरं आहे, म्हणाल्या."

आता ताई तिथेच आहेत. लग्न झालं, पण आत्याने सोडलं नाही. दोऱ्याने भुवया कोरणं तिच्या पार्लरमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. व्हिसा असेपर्यंत ते शिकवून जा, म्हणाली. बाजारात रांग लागते, असं ताई व्हॉइस मेसेजमध्ये सांगतात. मागे नीमा हसत असते.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. आवाज थांबल्यावर आत्या उठली. तिने ताईंचा दंड धरला आणि त्यांना पायरीवरून खाली, स्टुलावर बसवलं. स्वतः वर बसली. ताईंचा अंबाडा सोडला. इतक्या वर्षांत ते केस मोकळे सुटलेले मी पहिल्यांदाच पाहिले. कमरेपर्यंत आले.

ताई काहीतरी बोलायला गेल्या, तेल, असं काहीसं ऐकू आलं. आत्याने दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर उचलली.

दाजी फोनच्या अगदी जवळ वाकले होते. "दोन महिने ऱ्हायलो मी तिकडं," ते हळूच म्हणाले. "बाया आत्ता दिसल्या."

पडद्यावर ताईंचे डोळे मिटले.